मीटर लावून बघितलंय

“हँडल डावीकडे वळवा,” मास्तर म्हणाले. “हळू. अजून थोडं. हं, थांबा.”

मोजणीदारांनी हँडल डावीकडे वळवलं आणि गाडीचा पुढचा दिवा गेला. उजवीकडे वळवलं, तसा निमूटपणे परत आला.

“बघा! माझ्यासारखीच झालीये,” मोजणीदार म्हणाले. “लहर लागली तर चालायचं.”

गाडी म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीची मोटारसायकल, लांबच्या प्रवासाची. दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवायला काच, मागच्या माणसाला पाठ टेकायला गादी. जमीन मोजणीच्या खात्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या मोजणीदारांनी हिच्यावर बायकोला बसवून निम्मा देश पालथा घातला होता. गेली सात वर्षं मात्र ती त्यांच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडली होती. परवा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, एक तर चालू करा नाहीतर भंगारात द्या, जिन्याखाली मला पिंप ठेवायचंय. म्हणून सकाळी दहाच्या ठोक्याला टेम्पोत घालून ती इथे आली होती.

मास्तरांना रस्त्यावर सगळे मीटरमास्तर म्हणत. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि त्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती. मीटर लावल्याशिवाय माणूस तोंड उघडायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, “मास्तर, बॅटरी गेली असेल का हो?” मास्तर म्हणायचे, “असेल-नसेल ज्योतिषाला विचारा.” मग मीटरची दोन टोकं लावायची, आकडा बघायचा आणि मगच बोलायचं. असा माणूस बोलला की ती काळ्या दगडावरची रेघ.

मोजणीदार रुमालाने हात पुसत म्हणाले, “घराजवळ दोन गॅरेजं आहेत मास्तर. पण मी बायकोला म्हटलं, गाडी जाईल तर तुमच्याकडेच. त्या दिवशी तुम्ही सख्ख्या मेहुण्याची भीड ठेवली नाहीत. चारचौघांत खरं ते बोललात. अशी माणसं राहिलीत कुठे? मी अजून लोकांना तुमचं उदाहरण देतो.”

मास्तर मीटरच्या वायरींचा गुंता सोडवत राहिले. गुंता असा फारसा नव्हताच.

“पाचपर्यंत करून ठेवतो,” ते म्हणाले.

“बायकोला घेऊनच येतो. तीही म्हणाली बघायचंय.”

मोजणीदार गेले. मास्तरांनी सीट काढली आणि रीतीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली. बॅटरी सकाळीच नवी घातलेली, आकडा चोख. फ्यूज ठीक. इंजिन चालू केल्यावर चार्जिंगही बरोबर. मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं दिव्याच्या अर्थच्या वायरीला, आणि दिवा लावला. आकडा शून्याच्या आसपास हवा. तो चारच्या वर होता, आणि हँडल हलवलं की उड्या मारत होता. वीज एका वायरीने जाते आणि अर्थच्या वायरीने बॅटरीकडे परत येते. नवशिके सगळे जायची वाट तपासत बसतात आणि परतीची विसरतात. इथे परतीच्या वाटेवर कुठेतरी अडथळा होता. हँडलच्या मागे, जिथे सगळ्या काळ्या वायरी एकत्र येतात, तिथेच.

मास्तरांनी मीटर खाली ठेवलं.

सात वर्षांपूर्वी या गाडीचं सगळं वायरिंग याच जागी नव्याने भरलं होतं. मास्तर आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून. मेहुणा अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. गाडी गेली आणि महिन्याभरात टेम्पोत पडून परत आली. संध्याकाळच्या वेळी उतारावर, डावीकडच्या वळणावर, दिवे एकाएकी गेले होते. मोजणीदार खरचटण्यावर निभावले, पण मागे बसलेल्या बाईंचा गुडघा कायमचा गेला. हॉस्पिटलातून मोजणीदार थेट इथे आले, ते चवताळूनच. सलूनवाला, पंक्चरवाला, स्टेशनरीवाला, येणारे-जाणारे, असा सगळा रस्ता गोळा झाला. “कोणी केलं हे काम? बोला!”

मास्तरांना तो क्षण अजून जसाच्या तसा दिसे. सगळ्यांच्या नजरा आपल्या तोंडावर. मेहुणा मागे पाना हातात घेऊन उभा. आणि आपलंच तोंड बोलून मोकळं झालं, “तो जॉइंट मेहुण्याचा आहे. मी मीटर लावून बघितलंय.”

मीटर लावलं नव्हतं. गाडी टेम्पोतून उतरलीसुद्धा नव्हती.

मेहुणा एवढंच म्हणाला होता, “भाऊजी, मी... मला नाही आठवत.” मोजणीदार गाडी तशीच घरी घेऊन गेले आणि पुढे कुणी ती उघडली नाही. मेहुणा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मास्तरांनी स्वतःची समजूत घातली, की असणार त्याचाच. जॉइंटवर रबरी नळ्या चढवायचे नव्या पद्धतीचे चोचले त्याचेच. आणि बायको? तिने भावाची बाजू घेऊन भांडण केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. तिने नवऱ्याची माफी मागितली. “माझ्या माहेरच्या माणसाने तुमचं नाक कापलं,” असं म्हणून रडली. मास्तरांनी मोठ्या मनाने तिची समजूत काढली होती. हे मोठं मन आठवलं की त्यांना आजही घाम फुटत असे.

त्यांनी टाकी उतरवून बाकावर ठेवली, ब्लेड घेतलं आणि हँडलमागची चिकटपट्टी उभी चिरली.

आता या धंद्यात जॉइंटवरून माणूस ओळखता येतो. मेहुणा वायरी जोडून त्यावर रबरी नळी चढवायचा, गरम करून ती आवळून बसवायचा. मास्तर त्याची टिंगल करायचे, “वायरीला मोजे घालतोस काय रे?” ते स्वतः जुन्या वळणाचे. जॉइंटवर मेणाचा दोरा डावखुरा गुंडाळायचा, शेवटी दुहेरी गाठ, मग पट्टी. आख्ख्या रस्त्यावर, कदाचित आख्ख्या गावात, असा दोरा दुसरं कुणी गुंडाळत नव्हतं.

पट्टीखाली नऊ जॉइंट निघाले. आठांवर रबरी मोजे होते. मास्तरांनी एकेक ओढून पाहिला, मीटर लावून पाहिला. आठही कालच केल्यासारखे. नवव्यावर मेणाचा दोरा होता, डावखुरा, दुहेरी गाठीचा. त्यांनी गाठ सोडवली. आत तांबं हिरवंगार झालेलं. पीळ दिलेला होता, पण वर सोल्डरचा डाख दिलेला नव्हता. आणि मग त्यांना तेही आठवलं. त्या दुपारी वीज गेली होती, सोल्डरिंगचं आयर्न तापेना, पोटात कावळे ओरडत होते. आता गुंडाळून ठेवू, जेवून आल्यावर डाख देऊ, असं म्हणून ते उठले होते. जेवून आल्यावर दुसरंच काहीतरी काम निघालं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते माणसाला ऐकून माहीत असतं. त्यांना ते साठाव्या वर्षी, भर दुपारी, स्वतःच्या गॅरेजात कळलं. समोर सलूनवाला कुणाची तरी दाढी करत होता, त्याने आरशातून हात केला. मास्तरांनीही हात केला, आणि तोच हात घाईघाईने खाली घेतला.

कुणाला कळणार नव्हतं, हेही खरं. हिरवा तुकडा कापला, नवा जॉइंट करून डाख दिला, नवी पट्टी मारली. अर्ध्या तासाचं काम. आकडा शून्यावर आला. हँडल डावीकडे, उजवीकडे, दिवा जागचा हलेना. कापलेला तुकडा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. मग उठले, कचऱ्यात हात घालून तुकडा शोधून काढला, खिशात ठेवला, अर्धं शटर ओढलं आणि निघाले.

मेहुणा आठ मजली कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होता. एवढं मास्तरांना माहीत होतं. जायची वेळ सात वर्षांत आली नव्हती. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता. केस विरळ झाले होते. मास्तरांना बघून ताडकन उभा राहिला.

“ताई बरी आहे ना?”

“बरी आहे. सगळं ठीक आहे घरी. तुझ्याशी बोलायचं होतं.”

“मग आत या. मला स्टूल सोडता येत नाही.” त्याने बटण दाबलं. “बोला.”

“मोजणीदारांची गाडी आली आज.”

दुसऱ्या मजल्यावर फायली घेतलेले दोघे आत शिरले. “पाचवा,” एक जण म्हणाला. पाचव्यापर्यंत मास्तर लिफ्टच्या कोपऱ्यात फायलींच्या मागे उभे राहिले. ते दोघे उतरले, दार मिटलं.

“उघडली मी ती. अर्थचा जॉइंट खराब होता. हँडलच्या मागचा.”

“माहीत आहे,” मेहुणा म्हणाला. “माझाच तो.”

“तुझा नव्हता.”

“माझाच भाऊजी. तेव्हा मला आठवत नव्हतं. नंतर आठवलं. टाकी बाकावर ठेवलेली होती, मी असा उकिडवा बसलो होतो, घाई केली. सोल्डर नीट धरलं नाही, दिसत होतं मला, तरी नळी चढवली. हाताला आठवतं माझ्या.”

मास्तरांनी खिशातून तुकडा काढला. मेणाचा दोरा अर्धा सुटून लोंबत होता. मेहुण्याने तो हातावर घेतला, दिव्याखाली धरला. सातव्या मजल्यावर दार उघडलं, कुंडी घेतलेली एक बाई आत आली, तळमजला म्हणाली. लिफ्ट खाली आली. कुंडीवाली बाई उतरली. मेहुण्याने दार बंद केलं आणि आठवा दाबला, तिथे कुणी बोलावलं नव्हतं तरी.

“दोरा आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“मग माझ्या हाताला कसं आठवतं?”

मेहुणा दोऱ्याचं सुटलेलं टोक बोटावर गुंडाळू लागला.

“तुम्ही म्हणालात, मीटर लावून बघितलंय. मी म्हटलं, भाऊजी मीटर लावल्याशिवाय बोलत नाहीत. म्हणजे केलंच असणार आपण. रात्रंदिवस तोच विचार, केलं कसं, केलं कसं. मग आठवलं.” त्याचा आवाज चढला नाही. “बाईंच्या पाया पडायला हॉस्पिटलात गेलो होतो मी. घरी बल्ब गेला तर बायको बदलते. ही लिफ्ट अडकते ना भाऊजी, मला कळतं काय झालंय ते. तरी पॅनेल उघडत नाही. कंपनीला फोन करतो आणि बसून राहतो.”

“मी मीटर लावलं नव्हतं,” मास्तर म्हणाले. “गाडी बघितलीही नव्हती. लाज वाटली लोकांसमोर, आणि तुझ्यावर ढकललं. माझं चुकलं. तू म्हणशील ते—”

आठव्यावर दार उघडलं. समोर रिकामा व्हरांडा. दार आपोआप मिटलं.

“तेव्हा रस्त्यावर बोललात,” मेहुणा म्हणाला. “पंधरा-वीस माणसं होती. आता लिफ्टमध्ये सांगताय, दार लागल्यावर.”

त्याने तळमजल्याचं बटण दाबलं.

“ताईला सांगितलंत?”

“अजून नाही.”

मेहुण्याने तुकडा परत दिला. तळमजल्यावर पाच-सहा जण ताटकळत होते. “उतरा भाऊजी,” तो म्हणाला. “लोक थांबलेत.”

पाच वाजता मोजणीदार आले. मागून रिक्षातून बाई उतरल्या, एक पाय सरळ ठेवून, आधी काठी मग त्या. मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला आणून ठेवली होती. आता बोलायचं, हे त्यांनी चालत येतानाच ठरवलं होतं. पण ठरवणं वेगळं आणि जीभ उचलणं वेगळं. त्यांनी सलूनवाल्याला हाक मारली. पंक्चरवाल्याला मारली. स्टेशनरीवाला गल्ल्यावरून मान लांब करून बघू लागला.

“काय झालं मास्तर?”

“सांगायचंय. ऐका सगळे.” त्यांनी खिशातून तुकडा काढला. “सात वर्षांपूर्वी मी इथे, याच जागी म्हटलं होतं, की या गाडीतला जॉइंट मेहुण्याचा आहे. ते खोटं होतं. जॉइंट माझा होता. हा बघा. बाईंचा पाय माझ्यामुळे गेला. त्याच्यामुळे नाही.”

सलूनवाला वस्तरा हातात घेऊन उभा होता. त्याने पंक्चरवाल्याकडे पाहिलं.

“मेहुणा कोण? तो चष्मेवाला?”

“चष्मा नव्हता रे त्याला,” पंक्चरवाला म्हणाला. “उंच होता तोच ना? की तो रंगवाल्याकडे होता?”

“अहो अकरा वर्षं होता इथे! तुम्ही सगळे जमला होता त्या दिवशी!”

“असू मास्तर,” सलूनवाला समजुतीने म्हणाला. “जुन्या गोष्टी. मग गाडी झाली का चालू?”

ज्या रस्त्यासमोर अब्रू राहावी म्हणून एका माणसाला बुडवलं, त्या रस्त्याला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. मास्तरांना वाटलं, यापेक्षा कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोजणीदारांचा चेहरा लाल झाला होता. “आणि मी मूर्ख,” ते म्हणाले, “लोकांना तुमचं उदाहरण देत होतो.” पुढे काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाईंनी काठीनेच त्यांना थांबवलं.

“तो आला होता हॉस्पिटलात,” बाई म्हणाल्या. “दाराशी उभा होता. मी भिंतीकडे तोंड केलं. नर्स म्हणाली, बाई, तासभर उभा आहे तो. मी म्हटलं, उभा राहू दे.” त्या मास्तरांकडे बघत होत्या, पण बोलणं त्यांच्याशी नव्हतं. “दिवा लावा.”

मास्तरांनी दिवा लावला. बाई पुढे आल्या, काठी मोजणीदारांकडे दिली आणि स्वतः दोन्ही हातांनी हँडल डावीकडे वळवलं, अगदी टोकापर्यंत. दिवा गेला नाही. त्यांनी दोनदा करून पाहिलं.

“कुठे असतो तो?” त्यांनी विचारलं. मास्तरांनी इमारत सांगितली, सुट्टीची वेळ सांगितली. बाई काठी घेऊन रिक्षाकडे वळल्या. मोजणीदार गाडी चालू करून, मास्तरांकडे न बघता, रिक्षामागून गेले.

घरी आले तेव्हा बायको ओट्यापाशी होती. कुकरचं झाकण बसवत होती. मास्तरांनी चप्पल काढली आणि दारातच उभे राहून सगळं सांगितलं. आत येऊन बसून सांगायचा धीर नव्हता. दोरा, डाख, मीटर, लिफ्ट. मधे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. सांगून झालं तेव्हा ती कुकरखालचा गॅस लावत होती.

“आई हॉस्पिटलात अगदी शेवटाला होती ना माझी,” ती म्हणाली, “तेव्हा मी त्याला फोन केला होता. म्हटलं, हे भेटून गेले की मग ये. यांच्या डोळ्यांसमोर नको. तो खाली कोपऱ्यावर थांबला होता, दुपारभर. तुम्ही उशिरापर्यंत बसलात. तो वर आला तेव्हा आईला ओळख उरली नव्हती.”

“मला माहीत नव्हतं.”

“कसं असेल? मी कळू दिलं नाही. तुम्हाला कमीपणा नको म्हणून.” तिने पदराला हात पुसले. मग खुंटीवरची पिशवी घेतली, त्यात पाकीट टाकलं, चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?”

“त्याच्याकडे.”

“थांब, मीही येतो.”

“नको,” ती म्हणाली. चिडून नाही. जागा नाही असं बसमध्ये सांगतात, तसं. दारातून बाहेर पडताना ती थांबली. “कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा.”

जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. ती पायऱ्या नेहमी सावकाश उतरायची. आज धावल्यासारखी उतरली. मास्तर ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. बसावंसं वाटत होतं, पण बसले नाहीत. बऱ्याच वेळाने पहिली शिट्टी झाली. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून त्यांनी एक बोट मुडपलं आणि तसंच धरून ठेवलं.